दोन रात्रींचं नाटक: ‘रॅचेल’

(पडद्यावर: वॉशिंग्टन शहराचं जुनं छायाचित्र. खाली तारीख: ३ मार्च १९१६.)

वॉशिंग्टनमधलं मायर्टिला मायनर नॉर्मल स्कूल. काळ्या मुलींना शिक्षिका होण्याचं शिक्षण देणारी ही संस्था. ३ आणि ४ मार्च १९१६ या दोन रात्री इथे एक तीन अंकी नाटक झालं. नट हौशी, सगळे कृष्णवर्णीय. लेखिका होती शहरातल्याच शाळेत इंग्रजी शिकवणारी, छत्तीस वर्षांची अँजेलिना वेल्ड ग्रिम्के. नाटकाचं नाव ‘रॅचेल’.

पुढच्या वर्षी न्यूयॉर्कच्या नेबरहुड प्लेहाउसमध्ये आणि मॅसॅच्युसेट्समधल्या केंब्रिजमध्ये ते पुन्हा उभं राहिलं. १९२० साली पुस्तक निघालं. त्यानंतर त्याला रंगमंच क्वचितच मिळाला.

हे नाटक कोणत्या हवेत लिहिलं गेलं, ते आधी बघू. १९१५ साली ‘द बर्थ ऑफ अ नेशन’ हा मूकपट आला. त्यात काळा माणूस म्हणजे हिंस्र जनावर आणि कू क्लक्स क्लॅन या गोऱ्या वर्चस्ववादी संघटनेचे बुरखेधारी म्हणजे तारणहार. व्हाइट हाउसमध्ये राष्ट्राध्यक्ष विल्सन यांच्यासाठी त्याचा खास खेळ झाला. त्यांच्याच कारकिर्दीत सरकारी कचेऱ्यांमध्ये काळ्या कारकुनांना गोऱ्यांपासून वेगळं बसवायला सुरुवात झाली होती. टस्कीगी या कृष्णवर्णीयांच्या शिक्षणसंस्थेच्या नोंदींप्रमाणे १८८२ ते १९६८ या काळात अमेरिकेत झुंडीने ४,७४३ माणसं मारली. त्यातली ३,४४६ कृष्णवर्णीय होती.

कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या एनएएसीपी या संघटनेने ठरवलं, आपणही रंगमंच वापरायचा. या संघटनेच्या वॉशिंग्टन शाखेचे अध्यक्ष होते आर्चिबाल्ड ग्रिम्के, अँजेलिनाचे वडील. ते जन्माला आले गुलामगिरीत आणि पुढे हार्वर्डमधून वकील झाले. अँजेलिनाची आई गोरी होती. मुलगी लहान असतानाच ती दुरावली. आईवाचून वाढलेल्या या मुलीने पुढे जे नाटक लिहिलं, ते अथपासून इतिपर्यंत आईपणाबद्दल आहे.

(पडद्यावर: १९२०च्या आवृत्तीचं मुखपृष्ठ.)

पडदा उघडतो तेव्हा समोर उत्तरेतल्या एका शहरातली बैठकीची खोली आहे. नीटनेटकी. पियानो, पुस्तकं, भिंतीवर राफाएलच्या ‘सिस्टाइन मॅडोना’ची प्रतिकृती, म्हणजे बाळाला कडेवर घेतलेली मेरी. आणि शिवणयंत्र, कारण मिसेस लव्हिंग लोकांचे कपडे शिवून घर चालवतात. मुलगा टॉम आणि मुलगी रॅचेल दोघंही शिकतायत. रॅचेलला लहान मुलांचं विलक्षण वेड. शेजारचा छोटा जिमी भेटला की तिचा दिवस सोन्याचा. आपल्याला पुष्कळ मुलं व्हावीत, एवढंच तिचं मागणं.

तारीख आहे १६ ऑक्टोबर. आई आज गप्प आहे. मुलं खोदून खोदून विचारतात, तेव्हा ती दहा वर्षं पोटात ठेवलेली गोष्ट सांगते. तुमचे वडील दक्षिणेत एक छोटं वर्तमानपत्र चालवत होते. एका निरपराध काळ्या माणसाला झुंडीने मारलं, त्यावर त्यांनी सडकून लिहिलं. शब्द मागे घ्या, अशी धमकी आली. त्यांनी आणखी जळजळीत लिहिलं. मग एका रात्री बुरखे घातलेली माणसं घरात घुसली. वडिलांना ओढून नेलं आणि त्यांना वाचवायला धावलेला तुमचा सतरा वर्षांचा भाऊ जॉर्ज, त्यालाही नेलं. आई तुम्हा दोघांपाशी गुडघे टेकून, कानांवर हात दाबून बसून राहिली.

रंगमंचावर यातलं काहीही घडत नाही. दोर नाही, झाड नाही, बुरखा नाही. शिवणयंत्राजवळ बसलेली एक बाई बोलते आहे, एवढंच. मला ग्रिम्केची खरी ताकद इथे दिसते. तिने प्रेक्षकाला खुनाच्या जागी नेलं नाही; खुनानंतर दहा वर्षांनी, शंभर कोस दूर, चहाच्या वेळेला त्याच कुटुंबाच्या नव्या घरात बसवलं.

दुसरा अंक चार वर्षांनंतरचा, तारीख पुन्हा तीच. टॉमकडे इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंगचं शिक्षण आहे, पण काम कोणी देत नाही. रॅचेलने गृहशास्त्र शिकून घेतलं, तिलाही नोकरी नाही. तिच्यावर प्रेम करणारा जॉन स्ट्राँग उत्तम शिकलेला, पण हॉटेलात वेटर आहे. जिमीचे आईवडील देवीच्या साथीत गेले आणि रॅचेल आता त्याची आई झाली आहे.

आणि मग घरी येतात मिसेस लेन, आपल्या एथेलला घेऊन. एथेल बोलत नाही, आईचा पदर सोडत नाही, कोणी जवळ आलं की थरथरते. शाळेत मुलांनी आणि बाईंनीसुद्धा तिला ज्या तऱ्हेने वागवलं, त्याची ही खूण. जाताना मिसेस लेन रॅचेलला सांगतात, लग्न करू नकोस. त्याच दिवशी जिमी शाळेतून येतो. पोरांनी दगड मारले, एक शिवी दिली. तिचा अर्थ काय, हे तो रॅचेलला विचारतो.

जॉनने पाठवलेल्या गुलाबकळ्या रॅचेल खुडते, पायाखाली चुरडते. मी मुलं जन्माला घालणार नाही, अशी शपथ घेते. तिसऱ्या अंकात जॉन लग्नाचं विचारतो, दोघांसाठी घेतलेल्या घराचं वर्णन करतो. क्षणभर ती विरघळते. आतून जिमीच्या रडण्याचा आवाज येतो आणि ती नकार देते.

या शेवटावरून ग्रिम्केला बोल लावले गेले: ही बाई आपल्याच समाजाला वंश संपवायला सांगते. तिने १९२० मध्ये उत्तर दिलं. तिचं म्हणणं होतं की नाटक गोऱ्या स्त्रियांच्या मनाला हात घालण्यासाठी लिहिलं आहे. आईपण ही गोष्ट त्यांना कळेल, आणि त्यांना कळलं तर काही बदलेल. नाटकाच्या एका आधीच्या खर्ड्याचं नाव ‘वांझ त्या धन्य’ असं होतं. रॅचेलचा नकार म्हणजे उपदेश आहे असं ज्यांना वाटलं, त्यांनी तिचा आक्रोश ऐकलाच नाही, असं मला ठामपणे वाटतं.

दुसरा वाद घरातलाच. कार्यक्रमपत्रिकेवर उघड छापलं होतं: या स्वतंत्र प्रजासत्ताकातल्या एक कोटी कृष्णवर्णीय नागरिकांची दैना अमेरिकन जनतेला कळावी म्हणून रंगभूमीचा प्रचारासाठी वापर करण्याचा हा पहिला प्रयत्न आहे. एनएएसीपीच्या नाट्यसमितीतल्या काहींना हे मान्य नव्हतं. अॅलन लॉक आणि माँटगमरी ग्रेगरी यांचा आग्रह कलेचा, लोकजीवनातून उगवणाऱ्या नाटकाचा होता. पुढे त्यांनी वॉशिंग्टनमधल्या, कृष्णवर्णीयांच्या हॉवर्ड विद्यापीठात हॉवर्ड प्लेअर्स ही नाट्यसंस्था उभी केली.

‘रॅचेल’च्या प्रेक्षकांत विलिस रिचर्डसन नावाचा एक तरुण सरकारी कारकून होता. त्याला वाटलं, आपल्या माणसांची नाटकं वेगळ्या तऱ्हेने लिहिता येतील. तो लिहायला बसला. १९२३ साली त्याची ‘द चिप वूमन्स फॉर्च्यून’ ही एकांकिका ब्रॉडवेवर लागली. कृष्णवर्णीय लेखकाचं गंभीर नाटक तिथे पहिल्यांदाच येत होतं. म्हणजे ज्यांना ‘रॅचेल’ पटलं नाही, त्यांनाही ते स्वस्थ बसू देत नव्हतं.

बाहेर मात्र झुंडी थांबल्या नाहीत. पहिल्या प्रयोगाला अडीच महिने होत नाहीत तोच, टेक्सासमधल्या वेको गावात जेसी वॉशिंग्टन या सतरा वर्षांच्या मुलाला भर गर्दीत जाळून मारलं. नाटकातला जॉर्जही सतराचाच. झुंडबळींविरुद्धचं विधेयक १९२२ साली प्रतिनिधिगृहात मंजूर झालं आणि सिनेटमध्ये अडकलं. देशव्यापी कायदा झाला २०२२ मध्ये.

ग्रिम्केने ‘मारा’ हे आणखी एक नाटक लिहिलं. ते ना छापलं गेलं, ना रंगलं. १९३० साली वडील गेले. नंतर ती न्यूयॉर्कला राहायला गेली आणि १९५८ साली तिथेच वारली. २०१४ साली लंडनच्या फिनबरो थिएटरने ‘रॅचेल’ पुन्हा रंगमंचावर आणलं.

नाटकाचे हक्क आता सर्वांना खुले आहेत. एक खोली पुरते, मोठी पात्रं मोजकी आहेत. लहान मुलं मात्र बरीच लागतात, आणि त्यांच्याकडून चांगलं काम करून घेणारा दिग्दर्शक लागतो.