गड बंद आहे, मग?

नमस्कार श्रोतेहो.

पावसाळ्यात शनिवारी संध्याकाळी फोन हमखास येतो. "दादा, देवकुंडचा धबधबा बंद आहे म्हणे. दुसरी वाट आहे का हो?" वाटा आहेत. गुराख्यांच्या आहेत, लाकूडफाट्याच्या आहेत. मी सांगत नाही.

का, ते सांगतो. भिऱ्याहून देवकुंडाला जाताना ओढा लागतो. सकाळी पाणी जेमतेम घोट्याला. तुमच्या डोक्यावर ऊन पडलेलं असेल. पण वर ताम्हिणीच्या माथ्यावर तासभर कोसळला की तेच पाणी कमरेला येतं, आणि तुम्ही पलीकडच्या काठावर! धबधब्यापेक्षा परतीचा ओढा फसवा. रायगडावर तर ७ जुलै २०२४ला पायऱ्यांवरूनच लोंढे उतरले. वाटच ओढा झाली. मग पायरीमार्ग बंद झाला.

तरी कोणी म्हणतं, "माझा जीव, मी बघेन." तुमचा पाय मुरगळला तर झोळी करून खाली आणणार कोण? गावातलीच चार पोरं, लावणी अर्धी टाकून. १९ जुलै २०२३च्या रात्री इर्शाळगडाखालची वाडी दरडीखाली गेली, तेव्हा वर गाडीरस्ता नव्हता. बचावपथकं चिखलातून चढून गेली, माती हातांनी उपसली. त्या चढावर माणूस किती दमतो, हे पावसात चढलेल्यालाच कळतं.

आता ही ठिकाणं बंद करणाऱ्या आदेशाचं. कलेक्टरसाहेबांचा मनाई आदेश, म्हणजे पूर्वीचं कलम १४४, जुलै २०२४पासून नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १६३. त्यात जागा आणि तारखा लिहिलेल्या असतात, त्या वाचा. व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारा कागद गेल्या वर्षीचा नाही ना, तेही बघा. (मुदत संपली तरी गावातली पाटी तशीच लटकत राहते, याचा वैताग मलाही आहे.) त्यापेक्षा आदल्या दिवशी तहसील कचेरीत नाहीतर गावात फोन लावा.

आणि बेत रद्द झाला तर जेवण सांगितलेल्या घरी आधी कळवा. वीस माणसांचं पीठ दळून ठेवलेलं असतं हो! गेल्या साली मी उशिरा कळवलं. आगाऊ दिलेले पैसे ठेवून घ्या म्हटलं, तर मावशी म्हणाल्या, "ऱ्हाऊ दे. गणपती झाले की ये, तेव्हा जेवून जा."