वाव, ओळंबा आणि तांब्याचा पत्रा

(दृश्य: जुना सागरी नकाशा, अगदी जवळून. कॅमेरा आकड्यांवरून सरकतो.)

या नकाशात जमीन जवळजवळ कोरीच सोडली आहे. दोन-चार टेकड्या, एखादा चर्चचा मनोरा. डेकवरून दिसेल तेवढंच. सगळी गर्दी पाण्यात. हे बारीक आकडे म्हणजे खोली, वावांत मोजलेली. एक वाव सहा फुटांचा. जिथे आकडा आहे तिथे कुणीतरी, कधीतरी, बोटीत उभं राहून दोरी सोडलेली आहे.

हौशी लोक असे नकाशे घेतात ते बहुतेक कोपऱ्यातल्या होकायंत्राच्या फुलासाठी. फूल देखणं आहे, वादच नाही. आपण मात्र आकड्यांपाशीच थांबू.

(दृश्य: ओळंबा आणि खुणांची दोरी.)

हा शिशाचा ओळंबा. बुडाला खळगा आहे, त्यात चरबी भरायची. ओळंबा तळाला टेकला की तिथली रेती, चिखल, शिंपल्यांचा चुरा चरबीला चिकटून वर येई. नकाशात आकड्याशेजारी दिसणारी अक्षरं त्याचीच. धुक्यात किनारा दिसेनासा झाला, की खलाशी चरबीला काय लागलंय ते पाही आणि नकाशाशी ताडून घेई.

आता दोरी पाहा. दोन वावांवर कातड्याच्या दोन पट्ट्या, तीनवर तीन. पाचवर पांढरं कापड, सातवर लाल, दहावर भोक पाडलेलं कातडं. कापडांचा पोतही वेगवेगळा, म्हणजे काळोख्या रात्री डोळ्यांचं काम बोटांनी करायचं.

खोली कळली, पण कुठली? सेक्स्टंट, म्हणजे कोन मोजायचं यंत्र, आडवा धरायचा, किनाऱ्यावरच्या तीन खुणांमधले दोन कोन घ्यायचे. मग तीन भुजांचं हे पितळी यंत्र कागदावर त्या कोनांत बसवलं, की मधल्या छिद्राखाली बोटीची जागा. सगळा दिवस हेच. ऊन, लाटा, पुन्हा दोरी.

(दृश्य: तांब्याचा पत्रा, कोरणी.)

फ्रान्सनं आरमारी नकाशांचं दफ्तर १७२० मध्येच उघडलं होतं. ब्रिटिश आरमाराला जाग आली १७९५ साली. अलेक्झांडर डॅलरिंपल पहिला प्रमुख झाला आणि पहिला छापील नकाशा १८०० मध्ये निघाला. १८२९ पासून सव्वीस वर्षं या खुर्चीत फ्रान्सिस ब्यूफोर्ट होता, वाऱ्याच्या मोजपट्टीला ज्याचं नाव आहे तोच. त्याच्या काळात सर्वेक्षणाची जहाजं जगभर पांगली.

नकाशा तांब्यावर उलटा कोरत. प्रत्येक आकडा, प्रत्येक नाव आरशात पाहिल्यासारखं. आणि खरी करामत दुरुस्तीची. नवा खडक सापडला की पत्रा टाकून देत नसत. चुकीची जागा खरवडायची, पत्रा मागून हलक्या हातानं ठोकून सपाट करायचा, त्याच ठिकाणी नवा आकडा. असा पत्रा कित्येक दशकं चाले. म्हणून जुना नकाशा हातात आला तर आधी खालची कड वाचा. दुरुस्त्यांच्या तारखा तिथे असतात.

(दृश्य: तांबड्या समुद्राचा नकाशा, प्रवाळांचे खडक.)

हा तांबडा समुद्र. १८२९ साली बॉम्बे मरीनच्या, म्हणजे ईस्ट इंडिया कंपनीच्या आरमाराच्या, 'पालिनुरस' जहाजावरून रॉबर्ट मोर्सबीनं उत्तरेकडचा भाग मोजायला घेतला. प्रवाळाचा खडक भिंतीसारखा सरळ वर येतो. एका फेकीला तळ लागत नाही आणि पुढच्या फेकीपर्यंत जहाज खडकावर. कडेचे आकडे पाहा, किती दाट आहेत. हे काम झालं आणि मुंबई-सुएझ वाट आगबोटींना मोकळी झाली. व्यापार त्याच वाटेनं गेला, तोफाही.

(दृश्य: आजच्या जहाजाची स्क्रीन.)

आज ध्वनिलहरी तळाचा पट्टाच्या पट्टा मोजतात. ओळंबा एकेका ठिपक्याचीच खोली सांगायचा. दोन फेकींच्या मधला सुळका हुकला तर हुकला. तरी जगाच्या काही कोपऱ्यांत आजच्या नकाशातले आकडे एकोणिसाव्या शतकातल्या ओळंब्याचेच आहेत. ते पाणी कोणत्या साली, कशानं मोजलं याची नोंद नकाशातच असते. तिथे शिरण्याआधी कप्तान ती उघडून पाहतो.