मंगळावरून येणारी बारीक रेघ आणि खोडदच्या ३० डिश

तारीख १९ ऑक्टोबर २०१६, आपल्याकडे रात्रीचे आठ वाजून गेलेत. युरोपियन स्पेस एजन्सीचं शियापारेली नावाचं लँडर, म्हणजे मंगळावर उतरायला पाठवलेलं यान, तिथल्या वातावरणात शिरतंय, ताशी सुमारे २१ हजार किलोमीटर वेगाने, आणि पृथ्वीवर त्याचा सिग्नल कोण ऐकतंय, तर आपल्या नारायणगावजवळचं खोडदचं जीएमआरटी, म्हणजे अनेक डिश मिळून बनलेली रेडिओ दुर्बीण.

४५ मीटर व्यासाच्या ३० डिश. १४ मधोमध जवळजवळ, बाकीच्या १६ तीन फाट्यांवर, सगळा पसारा साधारण २५ किलोमीटरचा. रेडिओ खगोलशास्त्रज्ञ गोविंद स्वरूप आणि त्यांच्या टीमने हे उभं केलं ते दूरच्या आकाशगंगा, पल्सार (ठेक्यात रेडिओ लहरी सोडणारे मृत तारे) ऐकायला. लँडर ऐकणं हे तसं जादाचं काम.

आता अडचण बघा. लँडरचा ट्रान्समीटर काही वॅटचा, फ्रिक्वेन्सी ४०१ मेगाहर्ट्झच्या आसपास, आणि अंतर इतकं की रेडिओ लहरींनासुद्धा इथे यायला पावणेदहा मिनिटं लागतात. पोचतं ते इतकं क्षीण असतं की रिसीव्हरच्या स्वतःच्या इलेक्ट्रॉनिक्सचा खरखराट त्याच्यापेक्षा मोठा, वर परत आजूबाजूचे मोबाईल टॉवर, विजेच्या तारांवरचं स्पार्किंग हे आहेच.

म्हणून आधी कॅलिब्रेशन, म्हणजे सगळ्या डिश एकमेकींशी जुळवून घेणं. प्रत्येक डिशपासून कंट्रोल बिल्डिंगपर्यंतची ऑप्टिकल फायबर वेगळ्या लांबीची, प्रत्येकीचा अ‍ॅम्प्लिफायर थोडा वेगळा, वरून आयनोस्फियर (वातावरणातला विद्युतभारित थर) सतत हलतंय, त्यामुळे एकच लहर ३० ठिकाणांहून मागेपुढे होऊन पोचते आणि तशीच बेरीज केली तर सिग्नल एकमेकांनाच खाऊन टाकतात. दिंडीत टाळ एका ठेक्यात नसले की नुसता गोंगाट होतो ना, तसंच. मग डिश वळवायच्या थ्री सी २८६ किंवा थ्री सी ४८ सारख्या रेडिओ स्रोताकडे, ज्याची तीव्रता पक्की माहितीये, आणि प्रत्येक डिशचा फेज (लहर किती मागेपुढे आहे ते) आणि गेन (सिग्नल किती पट मोठा होतो ते) त्यावर जुळवून घ्यायचा. रिसीव्हरमध्ये ठराविक पॉवरचा नॉइज सोडूनही गेन तपासता येतो. आणि हे एकदा करून भागत नाही, निरीक्षण चालू असताना मधून मधून आकाशात जवळच दिसणारा असा एखादा माहितीतला स्रोत, म्हणजे कॅलिब्रेटर, बघायलाच लागतो, कारण फेज सरकतच असतो.

पुढचं काम सिग्नल शोधायचं. आलेला बँड अगदी अरुंद अरुंद चॅनलमध्ये कापायचा, म्हणजे नॉइज सगळ्यांत वाटला जातो आणि लँडरचा कॅरियर, म्हणजे त्याची मूळ रेडिओ लहर, एकाच चॅनलमध्ये बारीक रेघेसारखा उठून दिसतो. पण तो जागेवर थांबत नाही, लँडरचा वेग बदलला की डॉपलर परिणामामुळे (जवळ येणाऱ्या आणि लांब जाणाऱ्या गाडीच्या हॉर्नचा सूर बदलतो तसं) फ्रिक्वेन्सी सरकते, मग तिच्या मागे धावायचं. फायदा असा की त्या सरकण्यातूनच लँडरने ब्रेक किती लावला ते कळतं, एक अक्षर डेटा न वाचता! मला विचाराल तर सगळ्यात भारी भाग हाच आहे.

त्या रात्री रेघ दिसली, आणि मग अपेक्षित लँडिंगच्या जेमतेम मिनिटभर आधी गायब झाली. अशा वेळी पहिला संशय स्वतःच्या रिसीव्हरवरच जातो. पण मंगळाभोवती फिरणाऱ्या मार्स एक्स्प्रेस यानानेही स्वतंत्रपणे सिग्नल टिपला होता, आणि तोही लँडिंगच्या आधीच तुटला होता.

पुढच्या चौकशीत कारण निघालं. पॅराशूट उघडल्यावर लँडर अपेक्षेपेक्षा जोरात हलला, फिरण्याचा वेग मोजणारा सेन्सर साधारण एक सेकंद कमाल आकड्यावरच अडकून राहिला आणि कॉम्प्युटरने उंची चक्क मायनसमध्ये काढली, म्हणजे आपण जमिनीखाली आहोत असं त्याला वाटलं! प्रत्यक्षात तो अजून ३.७ किलोमीटर वर होता. पॅराशूट सोडून दिलं, इंजिनं फक्त ३ सेकंद चालली आणि बंद.