माहीत असूनही जाणारा माणूस

नमस्कार श्रोतेहो.

आज एका कादंबरीबद्दल बोलायचं आहे. रिबेका स्टेड या अमेरिकन लेखिकेची ‘व्हेन यू रीच मी’. २००९ साली ती प्रसिद्ध झाली आणि २०१० मध्ये तिला न्यूबेरी पदक मिळालं. अमेरिकेत मुलांसाठी लिहिणाऱ्यांना मिळणारा हा फार मोठा मान. ग्रंथालयात ही कादंबरी कुमारांच्या कपाटात असेल, तरी आईबाबांनीही ती हातात घ्यावी असं मला मनापासून वाटतं. काळातून प्रवास करून आलेल्या एका माणसाची ही गोष्ट आहे, आणि प्रेमासाठी माणूस काय देऊ शकतो याची.

काळप्रवास म्हटला की पहिली इच्छा होते ती झालेलं बदलण्याची. मराठी माणसाला तर ही इच्छा कुणी शिकवावी लागत नाही. १४ जानेवारी १७६१ ला पानिपतावर विश्वासरावांना गोळी लागली नसती तर? जयंत नारळीकरांनी ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ या कथेत हाच प्रश्न धरला. तिथे ती गोळी चुकते, मराठे जिंकतात, इतिहास वेगळ्याच वाटेला लागतो आणि प्राध्यापक गंगाधरपंत त्या वाटेवरच्या मुंबईत जाऊन पोचतात. अशा कथेत काळाला फाटे फुटतात.

रिबेका स्टेड यांच्या कादंबरीत काळाला फाटे नाहीत. जे घडलं ते एकदाच घडलं. भविष्यातून कुणी आला, तर त्याचं येणंसुद्धा त्या घडलेल्यातच धरलेलं आहे. हा काही लेखिकेचा लहरीपणा नव्हे. रशियन भौतिकशास्त्रज्ञ इगोर नोविकोव यांनी १९८० च्या दशकात जवळपास हेच मांडलं होतं: भूतकाळात जाणं शक्य झालंच, तरी झालेल्या गोष्टीला छेद देणारं काही तिथे करता येणार नाही. आता मला सांगा, काही बदलणारच नसेल, तर कुणी एवढा जीव धोक्यात घालून मागे का येईल? ही कादंबरी मला मोठी वाटते ती या प्रश्नाला ती जे उत्तर देते त्यामुळे.

आधी कथा थोडी सांगते. काळ १९७८-७९ चा, गाव न्यूयॉर्क, मॅनहॅटनमधली अप्पर वेस्ट साइड. मिरांडा सहावीत आहे. ती आणि तिची आई, दोघीच राहतात. आई एका वकिलाच्या कार्यालयात नोकरी करते, तिला स्वतःला वकील व्हायचं होतं. टीव्हीवरच्या ‘वीस हजार डॉलर पिरॅमिड’ या खेळासाठी आईला बोलावणं आलंय, तारीख आहे २७ एप्रिल १९७९, आणि घरात रोज संध्याकाळी त्याची तयारी चालते. त्या खेळात काही वस्तूंची नावं सांगून त्यांचा गट ओळखायचा असतो. कादंबरीतल्या बऱ्याच प्रकरणांची नावंही त्याच धर्तीची आहेत: हरवणाऱ्या गोष्टी, पेटीत ठेवायच्या गोष्टी. प्रकरणं दोन-तीन पानांची, इंग्रजी साधं. आठवी-नववीतल्या मुलांना सहज झेपेल.

खालच्या मजल्यावर सॅल राहतो, मिरांडाचा लहानपणापासूनचा मित्र. एके दिवशी शाळेतून परतताना एक अनोळखी मुलगा कारण नसताना सॅलला ठोसे मारतो, आणि त्या दिवसापासून सॅल मिरांडाशी बोलणं सोडतो. मग घराची लपवून ठेवलेली किल्ली नाहीशी होते. मग चिठ्ठ्या यायला लागतात. पहिल्याच चिठ्ठीत लिहिलंय की, मी तुझ्या मित्राचा जीव वाचवायला येतो आहे, आणि माझा स्वतःचाही. त्याबद्दल तू मला एक पत्र लिही, घडलेलं सगळं त्यात सांग. खरंच भविष्यातून येतोय याचा पुरावा म्हणून पुढे काही गोष्टी आगाऊ कळवल्या जातात, आणि त्या एकेक करून तशाच घडतात.

चिठ्ठ्या लिहिणारा लहानपणी कोण होता, हे मी सांगणार नाही. ते तुम्ही स्वतः शोधावं. पण तो कुठे आहे, एवढं सांगावंच लागेल, नाहीतर आजचं बोलणं अर्धवट राहील.

मिरांडाच्या घराजवळच्या कोपऱ्यावर एक म्हातारा असतो. पोरं त्याला ‘हसणारा माणूस’ म्हणतात. तो स्वतःशीच हसतो, टपालपेटीखाली डोकं घालून झोपतो आणि मधूनच रस्त्याच्या दिशेने हवेत जोरात लाथ झाडतो. मिरांडाला त्याची भीती वाटते. ती नजर चुकवून पुढे निघून जाते, आपणही गेलो असतो. वाचतानाही आपण त्याला ओलांडूनच जातो, कारण मोठ्या शहरात कोपऱ्याकोपऱ्यावर असा कुणीतरी असतोच.

आणि मग तो दिवस येतो. सॅल घाबरून पळत रस्त्यावर येतो, समोरून ट्रक. हसणारा माणूस पुढे होतो आणि लाथेने सॅलला ट्रकच्या वाटेतून उडवून देतो. सॅल वाचतो. म्हातारा जागच्या जागी मरतो.

इतके दिवस तो त्या एका लाथेचा सराव करत होता. चिठ्ठीत लिहिलंही होतं, मी सराव करतो आहे. हे लक्षात आल्यावर मी पुस्तक मिटून बराच वेळ नुसती बसून राहिले. ज्याला सगळा मोहल्ला वेडा समजत होता, त्याचं एकेक वेडं वागणं कुणाच्या तरी मुलाला वाचवण्याची तयारी होती. प्रवासानं त्याचं मन विसकटलं होतं, सोबत काही आणता येत नव्हतं, नाव सांगायचीही सोय नव्हती. पण ती लाथ त्यानं स्वतःला विसरू दिली नाही.

त्याहून मोठी गोष्ट पुढे आहे. हा अपघात त्यानं लहानपणी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेला होता. म्हणजे आपला शेवट त्याला ठाऊक होता. तरी तो शिकला, मोठा झाला, म्हातारा झाला, काळातून मागे यायची विद्या मिळवली आणि ठरल्या जागी येऊन उभा राहिला. काही बदलेल अशी आशाच नव्हती. तो आला नसता, तर मात्र सॅल वाचला नसता. मग चिठ्ठीतलं ‘माझा स्वतःचाही जीव’ याचा अर्थ काय? तो तर मेला. मला वाटतं, एका मुलाच्या मरणाचं ओझं घेऊन ज्याला जन्म काढावा लागला असता, त्या कोवळ्या पोराला त्यानं वाचवलं. ते पोर तो स्वतःच होता.

मॅडलीन लेंगल यांची १९६२ ची ‘अ रिंकल इन टाइम’ ही काळप्रवासाची कादंबरी मिरांडा पुन्हापुन्हा वाचत असते. त्यातली मेग आपल्या धाकट्या भावाला सोडवते ती फक्त प्रेमाच्या बळावर. त्याच पुस्तकावरून शाळेतली मुलं वाद घालतात: त्यातल्या मुलांना निघायच्या पाच मिनिटं आधी परत यायचं होतं, तर परसातल्या भाजीच्या वाफ्यात उतरलेली ती स्वतःच त्यांना निघण्याआधी दिसायला नको का? एरवी ही मुलांची बडबड वाटेल, पण लेखिकेनं कथेची किल्ली इथे ठेवली आहे. घाई करून ही पानं उलटू नका.

मधला सँडविचच्या दुकानाचा भाग काही वाचकांना रेंगाळलेला वाटतो. मला तो हवा होता. मुलं जेवणाच्या सुट्टीत तिथे काम करतात, मैत्र्या जुळतात-तुटतात, आणि मिरांडाला आपल्यापलीकडची माणसं दिसायला लागतात. त्यानंतर सॅलचं खरं कारण समजतं. त्याचं तोडणं त्या ठोशांमुळे नव्हतंच. त्याला मिरांडाखेरीज दुसरेही मित्र हवे होते. ज्याच्या जिवासाठी एवढं घडलं, तो मित्र पूर्वीसारखा तिचा एकटीचा होऊन परत येत नाही. तो जिवंत आहे, दुसऱ्या मुलांबरोबर खेळतो आहे, आणि तिनं त्यात आनंद मानायचा आहे. बारा वर्षांच्या मुलीसाठी हे सोपं नाही. घरोघरी आपल्या मुलामुलींवर असे प्रसंग येतात, आणि आपण ‘जाऊ दे, दुसरे मिळतील’ म्हणून मोकळे होतो.

आणि ते पत्र. मिरांडा ते लिहायचं टाळत राहते, आणि तिचं टाळणं किती खरं आहे पाहा! पत्र लिहिलं नाही, तर तो येणार नाही आणि सॅल मरेल. लिहिलं, तर ज्याला ती आता ओळखते, ज्याच्यासमोर अजून सगळं आयुष्य आहे, त्याच्या हातात ती त्याच्या मरणाची जागा आणि वेळ देणार. मोठ्या माणसालाही पेलणार नाही असा हा भार. अख्खी कादंबरी तिनं कुणाला तरी ‘तू’ म्हणत सांगितली आहे. तो ‘तू’ कोण, हे कळल्यावर पहिल्या पानावर परत या आणि कोपऱ्यावरच्या त्या माणसापासून पुन्हा वाचायला लागा. शेवटी मिरांडा पत्र लिहिते, आणि ते स्वतः नेऊन त्याच्या हातात देते.