चितळ इथलं आणि तिथलं

ठाण्यात बसून अमेरिकेच्या हवाई बेटांवर काय बोलणार, असं आयोजकांनीच मला विचारलं. मी म्हटलं, पहाटे इथल्या येऊरच्या जंगलात जाता, चितळ दिसलं की फोन काढता. त्याच चितळाला तिकडे हेलिकॉप्टरमधून गोळ्या घालतात, आणि तेही वनस्पतिप्रेमींच्या आग्रहाने. हे कशामुळे झालं, ते सांगतो.

चितळ तिकडे आपणहून गेलेलं नाही. १८६८ साली हवाईच्या पाचव्या कामेहामेहा राजाला नजराणा म्हणून चितळं आली आणि मोलोकाई बेटावर सुटली. त्याआधी इंग्रज दर्यावर्दी कॅप्टन कुकने १७७८ मध्ये बकऱ्या सोडल्या होत्या, १७९३ मध्ये व्हँकुव्हर या दुसऱ्या इंग्रज दर्यावर्द्याने गुरं आणली. गुरं वाढावीत म्हणून ती मारायला तेव्हाच्या राजाने दहा वर्षं बंदी घातली. ती वाढली, आणि नको तितकी वाढली.

माणूस पोचण्याआधी या बेटांवर खूर असलेलं एकही जनावर नव्हतं. जमिनीवरचा सस्तन प्राणी म्हणायचा तर एक वटवाघूळ. मग झाडांनी काटे धरायचे कुणासाठी? तिथल्या रानटी रासबेरीचे काटे जवळपास गेलेच आहेत. पुदिन्याच्या कुळातल्या झाडांना पुदिन्याचा वास नाही. आपली करवंदाची जाळी बघा, हात घाला, रक्त काढते. ती पिढ्यान् पिढ्या तोंडं मारून घेत तयार झाली आहे. शिवाय येऊरच्या चितळामागे बिबट्या असतो. मोलोकाईच्या चितळामागे कुणीच नाही.

मौना केआ नावाचा ४,२०० मीटरचा ज्वालामुखी आहे. त्याच्या उघड्या उतारावर आहिनाहिना नावाचं झाड उगवतं. नुसत्या पात्यांचा गोल गेंद, प्रत्येक पात्यावर बारीक पांढरी लव, त्यामुळे उन्हात अगदी चांदीचा वाटतो. वर्षानुवर्षं तसाच बसून राहतो. मग एकदाच माणसाएवढा उंच तुरा काढतो, फुलतो, बी टाकतो आणि मरतो. आपली कारवी सात-आठ वर्षांनी हेच करते, पण ती डोंगरभर एकदम फुलते, कुणी किती खाईल? आहिनाहिना मात्र एकेकटं. बकरीने नेमका तो कोवळा तुरा खाल्ला की त्या झाडाचा वंश तिथेच खुंटला. रानात अशी शंभर झाडंही उरली नव्हती, अशी वेळ आली.

आता तुम्ही म्हणाल, शिकारी आहेत ना, मारू देत. गोम इथेच आहे. अमेरिकेत १९३७ च्या एका कायद्याने लांब नळीच्या बंदुका आणि काडतुसांवर ११ टक्के कर बसतो आणि तो पैसा राज्यांकडे वन्यजीवांसाठी येतो. म्हणजे शिकारी नुसता मारत नाही, पैसेही भरतो. हवाईत तो कुणी हौशी साहेब असतो असंही नाही, घरात खायला मटण हवं म्हणून जाणारी साधी कुटुंबं असतात. पण शिकाऱ्याला पुढच्या वर्षीही शिकार हवी असते. कळप संपवणं त्याच्या पोटावर येतं. आणि सरकारचं एकच खातं दोन्ही कामं करतं: शिकारीसाठी रानटी मेंढ्या टिकवायच्या आणि त्या मेंढ्या खातात ती झाडंही टिकवायची. माझ्या मते दोष त्या खात्याच्या माणसांचा कमी आणि या मांडणीचा जास्त.

शेवटी कोर्टात गेला तो एक पक्षी. खरंच, वादी म्हणून नावच पक्ष्याचं: पालिला. हा पिवळ्या डोक्याचा पक्षी मामानेच्या झाडाच्या हिरव्या शेंगांवर जगतो, आणि मेंढ्या मामानेची रोपं उगवली की खुडतात. जुनी झाडं उभी, खाली एकही पोर नाही. १९७९ मध्ये न्यायालयाने सांगितलं, रानटी बकऱ्या-मेंढ्या मौना केआच्या उतारावरून काढा. मग शिकारीसाठीच आणून सोडलेल्या मूफ्लॉन मेंढ्यांवरून पुन्हा खटला. त्यातही पक्षीच जिंकला.

मला स्वतःला मात्र खटल्यापेक्षा एका कुंपणाची गोष्ट जास्त आवडते. हवाईच्या ज्वालामुखी राष्ट्रीय उद्यानात बकऱ्यांनी खरडून काढलेल्या माळावर १९६० च्या दशकाच्या शेवटी एक तुकडा जाळीने बंद केला. आत कुणी काही लावलं नाही, नुसती बकरी बाहेर ठेवली. थोड्याच काळात आतून एक वेल वर आला, शेंगांचा. शास्त्रज्ञांनी त्याची तोवर नोंदच केलेली नव्हती! आपल्या अबईच्याच गोतातला. बी मातीत पडून होतं, दर पावसात उगवत असणार आणि दर पावसात खाल्लं जात असणार. पुढे त्या उद्यानाने मोठी कुंपणं घातली आणि आतल्या बकऱ्या काढल्या. कुंपण न घालता नुसत्या मारण्याचे प्रयोग आधी कैक वर्षं झाले होते. हजारो बकऱ्या मेल्या आणि तितक्याच पुन्हा आल्या.

आपल्याकडे हा उपाय उचलून आणा, असं मी म्हणत नाही. १९७२ च्या कायद्याने आणि १९९१ च्या दुरुस्तीने आपल्याकडची शिकार थांबली, ते योग्यच झालं. पण आपल्याच अंदमानात इंग्रजांनी चितळं नेऊन सोडली आहेत, आणि तिथेही बिबट्या नाही.

मघाशी पुढच्या रांगेतल्या आजींनी चिठ्ठी पाठवली होती: ‘एवढ्या मेंढ्या मारतात, मग मटणाचं काय करतात?’ मौना केआवर हेलिकॉप्टरने मारणी असते तेव्हा खात्याची आधी सूचना निघते, आणि लोकांना मेलेली जनावरं घेऊन जायची मुभा असते. ज्यांचा या मारणीला विरोध असतो, त्यांतलेही काही जण गाडी घेऊन जात असतील, असा माझा अंदाज आहे.