तिसऱ्या पानावर सुरू झालेली गोष्ट

श्रोतेहो, नमस्कार.

"मी काही लेखक नाही, आपलं सहज लिहितो कधीमधी." हे वाक्य मी स्वतः कित्येक वर्षं म्हणत आलो. दिवसा हिशेब लिहायचो आणि रात्री तसल्याच एका वहीत गोष्टी. त्याही शेवटच्या पानापासून उलट्या, म्हणजे कुणी वही उघडलीच तर आधी आकडे दिसावेत. साहित्याचा अभ्यास नाही, लेखनाचं शिक्षण नाही. मग आपण कोण लिहिणारे?

अशा वेळी लोक अण्णाभाऊ साठ्यांचं नाव घेतात. शाळेत जेमतेम दीड दिवस गेलेला माणूस, आणि १९५९ साली 'फकिरा' लिहून गेला. किंवा लक्ष्मीबाई टिळक. त्यांना अक्षरओळख झाली ती लग्नानंतर, नवऱ्याकडून, आणि 'स्मृतिचित्रे' पुस्तकरूपात प्रसिद्ध होऊ लागली तेव्हा त्यांनी पासष्टी ओलांडली होती. ही नावं घेऊन 'बघा, शिक्षणावाचून काही अडत नाही' असं म्हटलं जातं, ते मला मुळीच पटत नाही. अण्णाभाऊंचा कान तमाशाच्या फडात आणि पोवाड्यांत तयार झाला होता. समोरचा माणूस कुठल्या शब्दाला मान वर करतो, हे त्यांनी उभ्यानं, गर्दीसमोर शिकून घेतलं. शिक्षण झालंच होतं, फक्त त्याचं प्रमाणपत्र नव्हतं.

तसं शिक्षण आपल्यालाही घेता येतं. आवडलेल्या लेखकाचा एक परिच्छेद हातानं उतरवून काढा. डोळ्यांनी वाचताना जे निसटतं ते हाताला कळतं: वाक्य कुठे तोडलंय, कोणता शब्द मुद्दाम मागे ठेवलाय. आपलं लिहिलेलं मोठ्यानं वाचा. मी आत्ता तुमच्याशी बोलतोय तो मजकूरही चार वेळा मोठ्यानं वाचलाय. जिथे जीभ अडली, तिथे वाक्यच चुकलेलं निघालं. आणि लिहून झालं की आठ-दहा दिवस ते नजरेआड ठेवा. मग ते दुसऱ्या कुणाचं असल्यासारखं वाचता येतं.

आता 'आपण कोण लिहिणारे?' या शंकेबद्दल. ती शिकलो की जाईल, नाव झालं की जाईल, असं मला वाटायचं. अमेरिकन लेखक जॉन स्टाइनबेक १९३८ साली आपली सर्वांत गाजलेली कादंबरी लिहीत होते. त्याआधी त्यांची अनेक पुस्तकं छापून आली होती. तरी त्या दिवसांतल्या त्यांच्या रोजनिशीत कबुली आहे, की मी लेखक नाही, स्वतःला आणि लोकांना फसवत आलोय. पुढच्याच वर्षी ती कादंबरी प्रसिद्ध झाली. १९६२ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळालं.

मला यात नोबेलपेक्षा ती रोजनिशी मोलाची वाटते. शंकेला त्यांनी लिहायला वेगळी जागा दिली होती. तिचं काय म्हणणं असेल ते तिथे, आणि कादंबरी कादंबरीच्या कागदावर. तेव्हापासून मीही एक छोटी वही ठेवतो. बसलो की आधी पाच ओळी तिच्यात: आज भीती कशाची वाटतेय. मग ती मिटून कामाला लागतो. शंका तरीही येते, पण ती गोष्टीत शिरत नाही.

गोष्टीत शिरली की काय होतं, ते मी पाहिलंय. माझी पहिली कथा एका मासिकाकडून परत आली. सोबत पत्र नव्हतं. मी आठवडाभर ती उघडलीच नाही. उघडली तेव्हा तिसऱ्या पानाच्या मध्यावर, समासात, पेन्सिलीनं तीन शब्द लिहिलेले दिसले: 'इथे सुरू होते.'

मी पहिली दोन पानं पुन्हा वाचली. जड शब्द, लांबलचक वर्णनं. मला लिहिता येतं, हे सिद्ध करण्यासाठीच सगळी लिहिलेली. तिसऱ्या पानावर एक बाई दाराला कडी लावते आणि क्षणभर तिथेच उभी राहते.

दोन पानं काढून टाकली आणि कथा त्या कडीच्या आवाजापासून पुन्हा लिहायला घेतली. या वेळी वहीच्या पहिल्या पानावर.