यथाशक्ती म्हणजे किती?

पंचवीस मिनिटं दिली आहेत आणि विषय आहे, ‘कार्यक्रमात देणगी कशी मागावी’. त्याकडे येतोच. आधी एका शब्दाबद्दल बोलू द्या, कारण आपल्या संस्थांचं सगळ्यात जास्त नुकसान त्या शब्दाने केलंय, असं माझं ठाम मत आहे. शब्द आहे ‘यथाशक्ती’.

आम्ही सोलापूरच्या पूर्व भागात विडी कामगार बायकांच्या मुलींसाठी अभ्यासिका चालवतो. काही वर्षांपूर्वी तिच्या निधीसाठी कार्यक्रम ठेवला. वेळ सहाची, दीपप्रज्वलन पावणेसातला. मग स्वागतगीत, प्रास्ताविक, पाहुण्यांचा परिचय आणि सत्कार. आपल्या सोलापुरात सत्काराला चादर हवीच. चौदा चादरी दिल्या हो आम्ही त्या दिवशी! फोटोवाला प्रत्येकाला थांबवून पुन्हा उभं करायचा. नवव्या सत्काराला तिसऱ्या रांगेतल्या एका आजींनी मला खूण करून बोलावलं आणि विचारलं, “बाळा, खाली बसलेल्यांचाही करणार आहात का? म्हणजे मी थांबते.”

वेळ गेला त्याचं एवढं वाईट वाटलं नाही. अकरावीतली एक मुलगी बोलणार होती. आठवडाभर तयारी केली होती तिने. आई रात्री विड्या वळते आणि ही शेजारी बसून गणितं सोडवते, एवढंच सांगणार होती. उशीर झाला म्हणून आम्ही तिचं नाव खोडलं. चौदा चादरींतली एकही खोडली नाही. हे मला आजही सलतं.

साडेनऊला आवाहन झालं. “सर्वांनी यथाशक्ती मदत करावी ही नम्र विनंती, आणि जेवणाची सोय मागच्या बाजूला आहे.” खुर्च्या सरकल्या. संपलं.

तिसऱ्या दिवशी एका टॉवेल कारखानदारांचा फोन आला. म्हणाले, “सर, खिशात चेकबुक घेऊन आलो होतो. पण किती द्यायचे तेच कळेना. पाचशे दिले तर तुम्हाला कमी वाटणार, पन्नास हजार दिले तर शेजारचा म्हणणार मिरवतोय. म्हणून उठलो.”

बघा, द्यायला आलेला माणूस आपण संकोचात टाकून परत पाठवला. मागणाऱ्याने आकडा सांगितला नाही, की ते ओझं देणाऱ्यावर जातं. गणपतीच्या वर्गणीला येणारी पोरं आठवा. “काका, यथाशक्ती” असं कुणी म्हणतं का? “पाचशे एक,” म्हणतात. तुम्ही दोनशे एकावन्न म्हणता, तेवढ्यात पावती फाटते. त्यांची दांडगाई घेऊ नका, पण स्पष्टपणा जरूर घ्या. आणि हे आजचं नाही. अंताजी दामोदर काळ्यांनी स्वदेशी उद्योगांसाठी पैसा फंड काढला, तेव्हा मागणं फंडाच्या नावातच होतं, माणशी एक पैसा. टिळकांनी पाठबळ दिलं आणि त्याच पैशापैशातून 1908 साली तळेगावचा काच कारखाना उभा राहिला. एक पैसा म्हटलं की हमालालाही कळतं आणि सावकारालाही. सावकार जास्त देईल, देऊ दे की!

चिठ्ठी आली. पाच मिनिटं? बरं, मूळ विषय भराभर सांगतो.

मागणं जेवणाआधी, कार्यक्रमाच्या मध्यावर ठेवा, सभागृह भरलेलं असताना. त्याच्या लगेच आधी ज्याच्यासाठी मागताय त्याला बोलू द्या, पाहुण्यांना नको. आकडा वस्तूला बांधा: एका मुलीची वर्षाची पुस्तकं इतक्याची, अभ्यासिकेचं महिन्याचं वीजबिल इतकं. मोठा आकडा आधी, मग लहान, म्हणजे सगळ्यांना जागा मिळते. दोघातिघांशी आधी घरी जाऊन बोलून ठेवा, पहिला हात त्यांचा वर जाईल. आकडा सांगून झाला की माईकवरच्या माणसाने गप्प राहावं. ती शांतता आपल्याला सोसत नाही, आपण लगेच “नसेल जमत तर हरकत नाही” म्हणून मोकळे होतो. तेवढं म्हणू नका. पावतीपुस्तक घेतलेले कार्यकर्ते रांगेरांगेत फिरू द्या, खुर्चीवर क्यूआर कोडचा कागद ठेवा. दोन हजारांच्या वर रोख दिली तर देणगीदाराला देणगीवरची आयकराची सवलत मिळत नाही, नव्या करपद्धतीत तर मुळीच नाही. हे आधीच सांगा, मार्चमध्ये तोंड चुकवायची वेळ येणार नाही. आणि आभाराचा फोन आठवड्याच्या आत करा, अध्यक्षांनी स्वतः.

एकच राहिलं. त्या कारखानदारांनी फोन ठेवताना सहज विचारलं, “सर, तुम्ही स्वतः किती दिले?” अकरा वर्षं मी त्या संस्थेसाठी मागत होतो आणि माझ्या नावाची एकही पावती नव्हती. वेळ देतो, तेच पुष्कळ, असं मला वाटायचं. दुसऱ्या दिवशी अभ्यासिका उघडायच्या आधी जाऊन बसलो आणि नव्या पुस्तकातली पहिली पावती माझी फाडली. मग त्यांना फोन लावला आणि आकडा सांगितला.